दिवस जाण्याआधीचे दिवस

लग्न झालं की जोडीनं पालीच्या बल्लाळेश्वराला जाऊन यायचं, ही रायगडातल्या कितीतरी घरांची रीत. दर्शन झालं की देवळाजवळच्या दुकानांतून पोह्याचे पापड, कडवे वाल घ्यायचे आणि परतीची वाट धरायची. मग नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: पाळणा कधी हलणार? विचारणारे भरपूर, नेमके कोणते दिवस धरायचे, हे सांगणारं मात्र घरात सहसा कुणी नसतं.

‘चौदावा दिवस’ एवढं बहुतेकींनी ऐकलेलं असतं. पण पाळी २८ दिवसांनी येत असेल तरच ते जुळतं. जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२०च्या दशकात वेगवेगळं काम करून दाखवलं, की मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागं, साधारण १४ दिवस. म्हणजे ३५ दिवसांनी पाळी येणारीचं स्त्रीबीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटतं. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. अमेरिकेत २२१ स्त्रियांची रोजची लघवी तपासून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भ राहिला तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्यातच. या दिवसांत स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, ताणला जाणारा होतो. अंगाचं तापमान वाढतं ते बीज सुटल्यावर, म्हणून थर्मामीटरच्या भरवशावर थांबलं तर संधी निघून जाते. दिवसाआड जवळ आलं तरी पुरतं.

तिशीच्या आतल्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात यश येण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक. दोन-तीन महिन्यांत सुनेला बोल लावणाऱ्यांनी हा आकडा पाठच करावा.

तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फॉलिक ॲसिडची गोळी, आणि तिची कहाणी मुंबईतली आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेतून तिनं गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेतला. जंतू सापडेनात. मग तिनं या बायकांच्या ताटाकडे पाहिलं आणि गरिबांचं ते निकृष्ट जेवण उंदरांना घालून बघितलं. उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, मार्माइट नावाच्या स्वस्त, खारट लेपात! १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९९१ साली सात देशांतल्या चाचणीनं दाखवलं, की आधीच्या बाळात मज्जारज्जूचं व्यंग असलेल्या स्त्रियांनी ही गोळी घेतली तर ते पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. गिरणीतल्या त्या बायकांचे उपकार आज घराघरांत पोचले आहेत.

बाळाचा मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, पाळी चुकल्याचं कळेकळेपर्यंत. वालाच्या डाळिंब्या, चवळी, पालेभाजी यांत फोलेट असतं. पण शिजवताना बरंच उडतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधीपासून हवी. आधीच्या बाळात व्यंग असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील.

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रुबेलाची लस, दोघांची थॅलेसेमियाची तपासणी हेही आधीच उरकावं. तंबाखू, मशेरी सोडावी.

वर्षभरात, आणि बाईचं वय ३५च्या पुढं असेल तर सहा महिन्यांत, दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून डॉक्टर गाठावा. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आणि सोपी असते. ती सुरुवातीलाच करून घ्या.