स्मारकाचे पालकत्व कोणाकडे?

पॅरिसच्या पश्चिमेस मार्न-ला-कोकेत नावाचे एक लहानसे गाव आहे. लुई पाश्चर यांनी १८९५ साली अखेरचा श्वास घेतला तो याच गावी. तेथील जुन्या राजोद्यानाच्या परिसरात, दाट झाडीच्या पार्श्वभूमीवर, दगडी विजयकमान उभी आहे. पॅरिसच्या प्रसिद्ध कमानीच्या निम्म्या आकाराची ही कमान पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने स्वेच्छेने लढलेल्या अमेरिकन वैमानिकांचे स्मारक आहे. ४ जुलै १९२८ रोजी तिचे उद्घाटन झाले. ती कायमची राहावी म्हणून दगड निवडला गेला, निधी उभारला गेला आणि विश्वस्तही नेमले गेले. तरीही साठ-सत्तर वर्षांतच तिच्या तळघरात पाणी शिरू लागले आणि त्या वैमानिकांच्या शवपेट्या ओलीत सापडल्या. स्मारक बांधले म्हणजे स्मृतीची सोय लागली, असे समजणाऱ्या सर्वांनीच या कमानीचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा असा आहे.

१९१४ साली युरोपात युद्ध पेटले तेव्हा अमेरिका तटस्थ होती. परंतु तेथील काही तरुणांना ही तटस्थता मानवली नाही. परक्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतल्यास नागरिकत्व गमावण्याचा धोका होता. त्यामुळे त्यांच्यापैकी काहींनी फ्रान्सच्या परदेशी पलटणीत नाव नोंदविले, तर काही जण रुग्णवाहिका चालवू लागले. हार्वर्डमध्ये शिकलेला नॉर्मन प्रिन्स, पिट्सबर्गचा विल्यम थॉ आणि पॅरिसमधील अमेरिकन डॉक्टर एडमंड ग्रो यांनी प्रयत्नांची शर्थ केली, आणि २० एप्रिल १९१६ रोजी फ्रेंच विमानदलात अमेरिकन वैमानिकांचे स्वतंत्र पथक स्थापन झाले. आरंभी त्यात सात अमेरिकन वैमानिक होते. नेतृत्व कॅप्टन जॉर्ज तेनो या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. पथकाच्या 'अमेरिकन' या नावाला जर्मनीने हरकत घेतली, तेव्हा ते बदलून 'लाफायेत' असे ठेवण्यात आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून लढायला गेलेल्या फ्रेंच सरदाराचे ते नाव होते. दीडशे वर्षांचे ऋण फेडण्याची भावना त्या नावात होती.

ऋणाची परतफेड प्राणांनी झाली. २३ जून १९१६ रोजी व्हर्दंच्या रणभूमीवर व्हिक्टर चॅपमन पडला. सप्टेंबरात किफिन रॉकवेल, ऑक्टोबरात स्वतः प्रिन्स. या एका पथकात एकूण अडतीस अमेरिकन वैमानिकांनी काम केले. जागा अपुरी पडू लागली तसे नवे स्वयंसेवक इतर फ्रेंच पथकांत पाठविले गेले, आणि त्या सर्वांचा मिळून 'लाफायेत फ्लाइंग कोअर' झाला. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये मूळ पथक अमेरिकन सैन्यात विलीन झाले. मार्न-ला-कोकेतच्या स्मारकात मृत्यू पावलेल्या अडुसष्ट अमेरिकन वैमानिकांची नोंद आहे.

परक्या गणवेशातील मृत्यू

या वैमानिकांचे वेगळेपण त्यांच्या मृत्यूनंतरही सुटले नाही. ते अमेरिकन होते, पण त्यांच्यातील अनेकांना मरण आले ते फ्रेंच गणवेशात. अमेरिकन सैन्याच्या हिशेबात ते परक्या सेनेतले, तर फ्रान्सच्या लेखी ते परदेशी पाहुणे. सैनिक मेला की त्याच्या समाधीची चिंता त्याचे राष्ट्र करते. स्वयंसेवकाची चिंता त्याचे मित्र करतात, आणि मित्रांचेही वय होते.

येथेही तसेच घडले. युद्ध संपताच सहकाऱ्यांनी आणि हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली. अलेक्झांद्र मार्सेल या वास्तुविशारदाने आराखडा तयार केला. भारतीय वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. कपूरथळ्याच्या महाराजांचा जगतजित राजवाडा याच मार्सेलचा. कमानीखाली तळघर, तळघरात अडुसष्ट दगडी शवपेट्या, आणि पश्चिम आघाडीवरील रणभूमींची दृश्ये रंगविलेल्या तेरा काचखिडक्या, असे या वास्तूचे स्वरूप आहे. ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा अन्यत्र विसावले, त्यांच्या पेट्या रिकाम्याच आहेत. लक्सय गावच्या रॉकवेलची पेटी त्यांपैकीच एक. पुढे विल्यम नेल्सन क्रॉमवेल या धनाढ्य अमेरिकन वकिलाच्या औदार्याने विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि देखभालीसाठी कायम निधी बाजूला ठेवण्यात आला.

निधी आटला, ओल राहिली

यात त्या पिढीचा दोष काढता येणार नाही. त्या काळी सुचण्यासारखे सारे त्यांनी केले. परंतु निधी कायम असला तरी पैशाचे मोल कायम नसते. युद्ध, चलनाची घसरण आणि वाढती मजुरी यांपुढे वर्गणीदारांची पुंजी किती काळ टिकणार? दगडाला पगार लागत नाही, पण दगडावरचे शेवाळ काढणाऱ्याला लागतो. जुने वैमानिक एकेक करून निवर्तले. तळघरात पाणी झिरपत राहिले, भिंतींना ओल धरली, आणि शेवटी वास्तूची डागडुजी संस्थेच्या आवाक्याबाहेर गेली.

दोन्ही देशांची सरकारे आणि खासगी दाते पुढे आले तेव्हा कुठे जीर्णोद्धार झाला. २० एप्रिल २०१६ रोजी, पथकाच्या शताब्दीच्या दिवशी, दोन्ही देशांच्या विमानांनी कमानीवरून झेप घेतली आणि स्मारकाचे पुन्हा लोकार्पण झाले. मात्र त्याहून मोलाची घटना पुढच्या वर्षी, गाजावाजा न होता घडली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या युद्धस्मारक आयोगाने या स्मारकाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १९२३ मध्ये स्थापन झालेला हा आयोग परदेशांतील अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमी सांभाळतो. स्मारक १९२८ पासून त्याच जागी उभे होते. पण त्याला खरे घर मिळाले ते या दिवशी, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

जागा आणि घर यांतला हा फरक इतर स्वयंसेवकांच्या स्मारकांतही दिसतो. १९१९ ते १९२१ या काळात काही अमेरिकन वैमानिक पोलंडच्या बाजूने सोव्हिएत फौजांशी लढले. त्यांच्यापैकी तिघे मृत्युमुखी पडले आणि त्यांचे स्मारक ल्वूव शहरातील दफनभूमीत उभारण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर सोव्हिएत राजवटीकडे गेले. नव्या राज्यकर्त्यांना ती आठवण नकोशी होती आणि १९७१ मध्ये त्या दफनभूमीवर नांगर फिरला. तिचे पुन्हा उद्घाटन व्हायला २००५ साल उजाडले. लंडनमधील ग्रोव्हनर चौकाची कथा इतकी कटू नाही, पण बोलकी आहे. ब्रिटिश विमानदलात स्वेच्छेने लढलेल्या अमेरिकन 'ईगल' पथकांचे स्मारक १९८६ साली या चौकात उभारले गेले, कारण समोरच अमेरिकेची वकिलात होती. २०१८ मध्ये वकिलात थेम्सपलीकडे गेली. स्मारक होते तेथेच राहिले. पाठीशी उभे असलेले राष्ट्र तेवढे दूर गेले.

वेलिंकरांची समाधी

याउलट एक उदाहरण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात दाखल झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी एक. जून १९१८ च्या अखेरीस त्यांचे विमान परतले नाही. आमिएँ शहराजवळच्या आंगार गावातील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी पडले. त्यांचीही समाधी फ्रान्समध्येच आहे. यांच्यासाठी कोणी कमान बांधली नाही. पण १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने त्यांची नोंद ठेवली, आणि साम्राज्य लयाला गेले तरी राष्ट्रकुलाच्या नावाने तोच आयोग आजही तेथील हिरवळ कापतो आहे. समाध्यांच्या संख्येच्या प्रमाणात सदस्य राष्ट्रे त्याचा खर्च उचलतात. भारत त्यांपैकी एक आहे. पुण्याजवळच्या खडकीची दफनभूमी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको.

अर्थात संस्था आहे म्हणजे न्याय आहे, असे समजण्याचे कारण नाही. याच आयोगाने २०२१ मध्ये कबूल केले की, आफ्रिका आणि पश्चिम आशियातील निदान एक लाख सोळा हजार मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. लाफायेतच्या गोतावळ्यातही एक अशीच सल आहे. यूजीन बुलार्ड हा जॉर्जियाचा कृष्णवर्णीय तरुण १९१७ मध्ये फ्रेंच विमाने उडवीत होता. स्वदेशाच्या विमानदलाने मात्र त्याला घेतले नाही. फ्रान्सने १९५९ साली त्याचा सन्मान केला, तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट चालवून पोट भरत होता. अमेरिकेने त्याला अधिकारपद दिले ते १९९४ मध्ये, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. तेव्हा स्मारकाला पालक हवा हे जितके खरे, तितकेच त्या पालकाला आपली यादी पुन्हा तपासण्याची सवय हवी, हेही खरे.

चावडीवरील शिळा

सरकारी पैसा जुन्या युद्धांच्या आठवणींवर का खर्चावा, असा प्रश्न काही जण विचारतील. शाळांना छप्पर नसताना कमानींना मुलामा कशाला, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु देखभालीचा वार्षिक खर्च नव्या भव्य स्मारकाच्या खर्चापुढे क्षुल्लक असतो, आणि वेळीच न केलेली डागडुजी पुढे अनेकपटींनी महाग पडते, हा मार्न-ला-कोकेतचा सरळ हिशेब आहे. खरी उधळपट्टी असते ती उभारून विसरून जाण्यात.

महाराष्ट्राला हा हिशेब अधिक लागू पडतो. साताऱ्यापासून कोकणापर्यंत अनेक गावांत संगमरवरी शिळा बसविलेल्या आहेत: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. बहुधा त्यांवर नावेही नाहीत, केवळ आकडे. चावडी पाडली की शिळा कोपऱ्यात जाते, आणि कोपरा साफ करताना ती फुटते. तिचा मालक कोण, हे ना ग्रामपंचायतीच्या दप्तरी असते, ना तहसिलात. आपल्याकडे स्मारक समित्या स्थापन होतात त्या बहुधा अनावरणापुरत्या. कोनशिलेवर मान्यवरांची नावे असतात, पण पंचवीस वर्षांनी छत गळू लागल्यास कोणाचे दार ठोठवावे याचा उल्लेख नसतो.

म्हणून स्मारकाचा ठराव मांडताना पहिला प्रश्न जागेचा किंवा उंचीचा नसावा. ते कोणत्या संस्थेच्या दप्तरी नोंदले जाणार, तिच्या अंदाजपत्रकात दरवर्षी त्यासाठी कोणती रक्कम राहणार, आणि संस्था बुडाल्यास जबाबदारी कोणाकडे जाणार, ही तीन उत्तरे ठरावातच लिहिलेली असावीत. शिळांच्या बाबतीत तर प्रारंभ सोपा आहे. गावच्या शाळेने तिची नोंद घ्यावी, गेलेल्यांची नावे शोधावीत आणि ग्रामपंचायतीने ती आपल्या मालमत्तेच्या यादीत चढवावी. अडुसष्ट वैमानिकांना हक्काचा पालक मिळायला १९२८ ते २०१७ अशी एकोणनव्वद वर्षे लागली. त्यांच्यामागे दोन समर्थ राष्ट्रे होती. ज्या शिळांमागे कोणीच नाही, त्यांना इतकी उसंत मिळणार नाही.