गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा वाढलेला वेग

रक्ततपासणीच्या अहवालात क्रिएटिनिन ०.९ दिसलं, की आपण निर्धास्त होतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र हाच आकडा धोक्याची सूचना असू शकतो. गरोदरपणात मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती सुमारे निम्म्याने वाढते, त्यामुळे क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली उतरायला हवं. या बदलामागचं एक महत्त्वाचं संप्रेरक म्हणजे रिलॅक्सिन. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून ते ओळखलं, तेव्हा त्याचा संबंध फक्त प्रसूतीसाठी सैल होणाऱ्या सांध्यांशी जोडला गेला. पुढे कर्क कॉनराड आणि सहकाऱ्यांनी गाभण नसलेल्या उंदरिणींना ते दिलं, तर मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि गाळण वाढली. उलट, गाभण उंदरिणींमध्ये प्रतिपिंडांनी ते निष्प्रभ केल्यावर ही वाढ दिसेनाशी झाली.

उंदरांवरून माणसाचं कसं ठरवायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या स्त्रियांचे बीजकोश काम करत नाहीत आणि ज्या दात्या स्त्रीच्या बीजातून गर्भवती होतात, त्यांच्यात रिलॅक्सिन जवळजवळ नसतं आणि गाळण वाढते, पण कमी. म्हणजे स्त्रीमध्ये इतरही घटक आहेत, तरी रिलॅक्सिनचा वाटा खरा आहे. गर्भवतीचा अहवाल गर्भवतीच्याच मापाने वाचावा, हा धडा प्रत्येक प्रसूतिगृहापर्यंत पोहोचायला हवा.