बोरीची छाटणी : केव्हा, किती आणि कशी?



एप्रिल महिना आला की बोरीचं झाड पानं गाळून उघडं पडतं. हीच छाटणीची वेळ. पण पुष्कळ जण म्हणतात, "फळ देणारी फांदी तोडायची कशाला? झाड जेवढं मोठं, तेवढी बोरं जास्त!" हा हिशेब आंब्याला कदाचित चालेल, बोरीला चालत नाही.

छाटणी का करायची?

बोरीला फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. जुन्या काडीवर फळ धरत नाही. झाड न छाटता सोडलं, तर नवी फूट दरवर्षी शेंड्याकडे सरकत जाते, बारीक आणि कमजोर होते. मग बोरं बारकी राहतात, उंचावर लागतात आणि काट्यांतून तोडायला मजूर तयार होत नाही. आत ऊन-वारा खेळत नाही. दिवाळीच्या सुमारास थंडी पडली की अशा दाट झाडावर भुरी बळावते आणि लहान फळं पांढरी होऊन गळतात. फवारा मारला तरी औषध आत पोचत नाही.

केव्हा करायची?

आपल्याकडे एप्रिलअखेरपर्यंत, फार तर मेच्या सुरुवातीला. पानगळ झालेली असावी आणि नवी फूट सुरू झालेली नसावी. उशीर केला, तर झाडाने फुटीवर घातलेली शक्ती आपण कापून टाकतो आणि बहारही लांबतो.

कशी करायची?

१) आधी रोगट, वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्याही काढा.

२) गेल्या हंगामातल्या जोमदार मुख्य काड्या निवडा. प्रत्येकीवर बुंध्याकडचे साधारण १५ ते २० डोळे ठेवून शेंडा छाटा. तिच्यावरच्या बारीक उपफांद्या मुळापासून काढा.

३) काप डोळ्याच्या किंचित वर, तिरका आणि गुळगुळीत घ्या. बारीक काडीला कात्री, जाड फांदीला करवत वापरा. कोयत्याने लाकूड चिरतं, आणि त्या चिरेतून कीड-रोग आत शिरतो.

४) जड फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून. नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते.

५) डोळा भरलेल्या जागेच्या खाली, गावठी खुंटावर आलेली फूट वर्षभर काढत राहा. ती तशीच ठेवली तर उमराण किंवा कडाका दबून जाईल आणि हाती गावठी बोर येईल.

पहिली दोन-तीन वर्षं फळाची घाई करू नका. जमिनीपासून सुमारे अडीच फूट खोड मोकळं ठेवा आणि त्यावर चारी दिशांना तीन-चार दणकट फांद्या वाढवा. फळांचं ओझं पुढे त्यांनाच पेलायचं आहे.

जखमेला मलम

करवतीच्या प्रत्येक कापाला बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. दोन्ही एकत्र ओतून ढवळा. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मलम त्याच दिवशी वापरा.

छाटणीनंतर

बागेत काटक्या ठेवू नका. काटेरी फांद्या कुंपणाला येतील, रोगट असतील त्या जाळून टाका. पावसाच्या तोंडाला आळी करून चांगलं कुजलेलं शेणखत द्या. रासायनिक खत माती तपासून द्या. भुरीवर मात्र लक्ष ठेवावंच लागेल. छाटणी म्हणजे फवारणीला सुट्टी नव्हे. एवढंच की औषध नेमक्या जागी पोचेल.

छाटलेली बाग पाहून घरची म्हातारी माणसं हळहळतील. त्यांना सांगा, महिनाभर वाट बघा. आणि मन धजत नसेल, तर यंदा चार झाडं छाटा, शेजारची चार तशीच ठेवा. तोडणीला दोन्हीकडची बोरं वेगळी मोजा आणि बाजारात वेगळीच विका. मग पुढच्या एप्रिलमध्ये काय करायचं, ते तुमची पट्टीच सांगेल.