ढगळ स्की-पँट आणि उबेचा भ्रम

हिमप्रदेशाच्या प्रवासाला निघालेल्या स्त्रीला आप्तेष्टांकडून जे उपदेश विनामूल्य मिळतात, त्यांत "पँट एक नंबर मोठीच घे, आत दोन थर्मल बसतील आणि ऊबही राहील" हा उपदेश अग्रस्थानी असतो. आणि तो इतक्या अधिकारवाणीने केला जातो की, गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंग शिकावयास जाणाऱ्या कित्येक जणी यत्किंचितही खातरजमा न करता ढगळ पँट खरेदी करतात, दिवसभर एका हाताने ती वर ओढीत राहतात आणि थंडी वाजली म्हणजे दोष आपल्या प्रकृतीला देतात. या समजुतीचा उगम बहुधा सोलांगच्या वाटेवर भाड्याने मिळणाऱ्या अखंड पोशाखांत असावा. ते कोणाच्याही अंगावर चढावेत म्हणून मुद्दाम ऐसपैस शिवलेले असतात, आणि घटकाभर बर्फात बसून फोटो काढून घेण्यास पुरतातही. परंतु उतारावरून गुडघे वाकवीत घसरत येणे हा निराळा मामला आहे.

ऊब कापडाच्या घेरात नसते, थरांमध्ये अडकून पडलेल्या स्थिर हवेत असते. ढगळ पँटमध्ये ही हवा स्थिर राहूच शकत नाही. स्कीवर प्रत्येक वळणाला गुडघे वाकतात आणि सरळ होतात, आणि तेवढ्यासरशी पँट लोहाराच्या भात्याप्रमाणे तापलेली हवा कमरेवाटे बाहेर फेकते व गार हवा आत ओढून घेते. शिकाऊ माणूस पडतोच. पडला की त्याच फटीतून बर्फ आत शिरतो, वितळतो आणि थर्मल भिजवतो, व एकदा थर्मल भिजले की मग कितीही मोठा घेर असला तरी त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय कंपनीच्या तक्त्यात छापलेले माप सामान्यतः अंगाचे असते, कपड्याचे नव्हे. आतल्या थर्मलसाठी लागणारी सवलत कापणाराने आधीच धरलेली असते. त्यावर आपण आणखी एक नंबर चढवणे म्हणजे एकाच खर्चाची तजवीज दोनदा करणे होय.

यावरून मी घट्टपणाची वकिली करीत आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५२ साली म्युनिकच्या मारिया बोगनर यांनी लोकर व नायलॉन यांच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची, अंगाला चिकटून बसणारी स्की-पँट आणली. ती दिसावयास देखणी खरीच, पण तसल्या पँटच्या आत काही घालावयास जागा उरत नाही, आणि दाबलेल्या थरात हवाही उरत नाही.

स्त्रियांवर या उपदेशाचा खरा अन्याय होतो तो कमरेपाशी. ज्या स्त्रीची सीट तक्त्याच्या एका ओळीत आणि कंबर दुसऱ्याच ओळीत पडते (आणि अशा स्त्रिया अपवादात्मक मुळीच नव्हेत) तिने सीटचे माप प्रमाण मानावे. कारण कंबर आवळता येते, सीट वाढवता येत नाही. बऱ्याच पँटींना कमरेच्या दोन्ही अंगांना वेल्क्रोच्या पट्ट्या असतात त्या याचसाठी. आसन खाली लोंबत असेल तर पाय उचलताना कापड मांड्यांत अडते. उंची जास्त असेल तर मोहरी टाचेखाली जाते आणि स्कीच्या पोलादी कडेने कापली जाते. या मोहरीच्या आत इलॅस्टिकची दुसरी एक मोहरी असते, ती बुटाच्या बाहेरून ओढून घ्यावयाची असते. पण कित्येक जणी ती बुटात कोंबतात आणि नडगीवर वळ उठले म्हणजे बुटाला नावे ठेवतात. तेव्हा दुकानात थर्मल घालूनच पँट चढवावी, उकिडवे बसावे, एकेक गुडघा पोटाकडे उचलावा. पाठीमागे कंबर उघडी पडली किंवा मांडीवर कापड ताणले गेले तर ती पँट, नंबर काहीही असो, परत द्यावी.

हा नंबर तरी काय प्रमाणभूत आहे! जी स्त्री जर्मनीत ३६ नंबरची ठरते तीच फ्रान्समध्ये ३८ आणि इटलीत ४२ नंबरची होते, म्हणजे एका आल्प्स पर्वताच्या भोवती तिचे तीन आकडे. अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५० हून अधिक मापे घेऊन १९४१ साली प्रसिद्ध केली, पण तक्ते करताना गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे जमेस धरली. त्या मोजदादीच्या आधारे १९५८ साली सरकारी मानक निघाले, पुढे त्यात फेरफार झाले, आणि १९८३ साली ते मागेच घेण्यात आले. तेव्हापासून तेथे कोणत्या अंगाला कोणता आकडा द्यावयाचा हे ज्याचा तो कारखानदार ठरवतो. म्हणून कंबर, सीट आणि पायाची आतली उंची ही तीन मापे टेपने घेऊन त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावीत.

जलरोधकतेचा मिलिमीटरमधला आकडा जितका मोठा तितकी पँट उत्तम, हेही खरे नव्हे. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येते. याच कारणास्तव कंबर गल्लीतल्या शिंप्याकडून आत घेण्याचा विचार सोडून द्यावा. जीन्स चालत नाही. सुती कापड पाणी धरून ठेवते. पुरुषांची लहान मापाची पँट स्त्रियांना कधीच बसत नाही, हा आग्रहही फोल आहे; सडपातळ बांध्याच्या कित्येक जणींना ती झकास बसते. छातीपर्यंत येणारी पट्टेवाली पँट कमरेची फट मुळातच नाहीशी करते, परंतु शौचास जाताना सगळे कपडे उतरावे लागतील या भीतीने पुष्कळ स्त्रिया तिच्या वाटेला जात नाहीत. आता अशा अनेक पँटींना मागची बाजू तेवढी उघडणारी चेन असते. ती घेताना, चेन पाठीमागे हात नेऊन आणि हातमोजे घालून उघडते का, हे मात्र दुकानातच पाहावे.