शुद्ध पाणी वाटेत बिघडतं

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं आणि मुख्यतः भांडुप व पांजरापूरच्या केंद्रांत तुरटी, गाळण आणि क्लोरीन या टप्प्यांतून शुद्ध होतं. २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तपासलेले मुंबईचे दहाही नमुने निकषांत बसले. तरीही काही वस्त्यांत गढूळ पाणी येतं, कारण खरा दोष वाटेत आहे. बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच सुटतं. ते बंद झालं की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं. न धुतलेली इमारतीची टाकी त्यात भर घालते.

मग घरोघरी आरओ शुद्धीकरण यंत्र बसवलं की झालं, असं कोणी म्हणेल. पण आरओचं खास काम विरघळलेले क्षार काढणं. तलावाच्या पाण्यात ते मुळातच कमी असतात, आणि यंत्र बरंच पाणी वाया घालवतं. जंतूंसाठी उकळणं पुरेसं आहे. वाटेतल्या दोषावरचा उपाय म्हणजे चोवीस तास पुरवठा. तो परवडणार नाही, हा आक्षेपही तपासून घ्यावा: सतत दाब ठेवायचा तर गळती शोधावीच लागते, आणि गळती थांबली की पाणी वाचतं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये असा पुरवठा सुरू केला. म्हणून महापालिकेला विचारायचा प्रश्न केंद्रातल्या पाण्याचा नाही, वाटेतल्या घाणीला पुरून नळापाशी क्लोरीन उरतं का, हा आहे.