नाताळचे दिवे पाहायला पायीच जावे

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला की आपल्या गावच्या संध्याकाळी पुन्हा काळोख्या होतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात मात्र डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नवा उजेड सुरू होतो. रमेदी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या गावांत ख्रिस्ती शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. मराठीत प्रार्थना करणारी, पिढ्यान् पिढ्या केळी, भाजीपाला आणि फुले पिकवणारी ही मंडळी. कधी जमले तर नाताळात तिकडे संध्याकाळी सातच्या सुमारास अवश्य जा. पण गाडी एका जागी ठेवून पायी फिरा. गल्ल्या अरुंद आहेत आणि बघण्यासारखे जे आहे ते अंगणात आहे.

दारोदार चांदणी टांगलेली दिसेल. येशूच्या जन्माच्या वेळी दिसलेल्या ताऱ्याची ही खूण. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ एवढ्यावर ती होते, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीणच. हल्ली प्लॅस्टिकच्या तयार चांदण्या येतात. त्या चार वर्षे टिकतील, पण कागदातून झिरपणारा मऊ उजेड त्यांना नाही. झाडावर विजेच्या माळा सोडण्याची रीत अमेरिकेतली. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर ८० रंगीत दिवे लावले होते.

पण तुम्ही थांबाल ते गोठ्यापाशी. बाळ येशूला गव्हाणीत निजवले होते, म्हणून घरोघर पेंढ्याचा छोटा गोठा मांडतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल आणि गाढव उभे करून असा देखावा केला, तेव्हापासून ही प्रथा पसरली. गोठ्यापुढे हिरवे शेत हवे, म्हणून काही घरांत आठ-दहा दिवस आधी पसरट भांड्यात माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. घटस्थापनेला तुम्ही पेरता तसेच! घरच्यांना "गोठा बघायला येऊ का?" असे विचारा. नाही कोणी म्हणत नाही, उलट करंजी हातावर पडते.

चालताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. दोन उजळलेल्या घरांच्या मध्ये काळोखाचा पट्टा लागतो. तो काळोख म्हणजे वाडी. केळीची पाने सळसळतात, बावखलाच्या पाण्यात पलीकडच्या चांदणीचे प्रतिबिंब हलते. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारे इथले तळे. त्याच्यामुळे विहिरींना गोडे पाणी राहते. चांदणी एवढी खुलते ती या काळोखामुळे. जिथे वाडी जाऊन इमारत आली आणि बावखल बुजले, तिथे रात्रभर दिवे असतात, पण नाताळ वेगळा उठून दिसत नाही. ही हिरवाई राखण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना बरोबर घेऊन हरित वसईचा लढा दिला. २०२४ साली ते गेले. बांधकामाचा रेटा थांबलेला नाही.

आपल्या घरी माळा लावणार असाल तर दोन शब्द सांगतो. शेवंतीच्या वाफ्यावर रात्री दिवा ठेवू नका. हे पीक लांब रात्र मिळाली तरच कळी धरते. मध्येच उजेड पडला तर पानेच वाढतात आणि फूल लांबते. पॉइन्सेटियाचेही तसेच, त्याची वरची पाने लाल होत नाहीत. आणि पेंढ्यावर तापणाऱ्या जुन्या बल्बांची माळ कधीच सोडू नका, एलईडीची वापरा. खांबावर आकडा टाकून तर मुळीच नको. दवाने ओली झालेली उघडी वायर माणूस आणि जनावर पाहत नाही.

२५ डिसेंबरला जाणे जमले नाही तरी हरकत नाही. तीन राजांचा सण ६ जानेवारीला असतो आणि बहुतेक घरांत तोवर गोठा हलवत नाहीत. फक्त नाचणीची रोपे तोपर्यंत जरा पिवळी पडलेली असतात.