सोफ्याची सफाई: कापड आणि चामडे
समजा, बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये सामानासह भाड्याने घेतलेल्या घरात सोफ्यावर चहा सांडला. घासू नका, डाग धाग्यांत खोल जातो. कोरड्या सुती फडक्याने टिपा. मग लेबल पाहा: ‘डब्ल्यू’ म्हणजे पाणी चालते, ‘एस’ म्हणजे फक्त द्रावक, ‘एक्स’ म्हणजे केवळ व्हॅक्यूम. व्यावसायिक यंत्र पाणी फवारून लगेच ओढून घेते, कारण फोम ओला राहिला तर बुरशी धरते.

चामड्याचा सामू साधारण ४ ते ५, साबणाच्या पाण्याचा ९ ते १०. साबणाने तंतूंमधील तेल निघून चामडे तडकते. म्हणून सौम्य क्लीनर आणि नंतर कंडिशनर वापरतात.

आधी दडलेल्या कोपऱ्यावर चाचणी घ्या. डाग पुन्हा काढता येईल. उडालेला रंग परत येत नाही, आणि अनामत त्यावरच अडते.